सांदवाडीतला (घरामागच्या जागेतला) काडीकचरा उचलणारे छोटा हत्तीवाले भाऊ (नागपूर, मानेवाडा-बेसा साइड): पैसे वसूल, पण काही गोष्टी आधीच बोलून घ्या

पहिलेच सांगून देते, ही काही कंपनी-बिंपनी नाही, ॲप नाही, बोर्ड नाही, गाडीवर नाव पण नाही. पन्नाशीतले एक भाऊ, त्यांचा पुतण्या, एक ताई, आणि एक जुना छोटा हत्ती ज्याचं मागचं फळकं तारेनं बांधलेलं आहे. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या साइडची कामं घेतात. नंबर टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, "उगाच सत्तर फोन येते ताई, आन काम एकाचं बी होत नाही." तुम्हाला अशी माणसं पाहिजे असतील तर आपल्या एरियातल्या नर्सरीत विचारा, माती अन् कुंड्या पोचवणाऱ्या गाडीवाल्यांना हे सगळे बरोबर माहीत असतात, मलाही तिथूनच मिळाले.

आता आमचा कचरा काय होता ते सांगते, नाहीतर रेट ऐकून म्हणाल महाग आहे. प्लॉट तीन हजार स्क्वेअर फुटाचा, जुन्या लेआउटमधला, घर पुढे आणि मागे सांदवाडी. सासऱ्यांनी एकेकाळी हौसेनं लावलेला आंबा, दोन जामाची झाडं, एक कडुनिंब, कंपाउंडवर बोगनवेल, गेटजवळ कन्हेर, आणि कोणीही न लावता स्वतःहून आलेलं सुबाभूळ. दरवर्षी काही ना काही छाटतो, वादळात काही पडतं, आणि ते सगळं टाकीच्या मागे जाऊन पडतं कारण कचरागाडीवाला ओला घेतो, सुका घेतो, फांद्या म्हटलं की "हे नाही घेत ताई" म्हणून भोंगा वाजवत पुढे जातो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्या गाडीत बोगनवेल कोंबली तर बाकी लेआउटचा कचरा कुठे भरेल तो. तर असं करत करत टाकीमागे कंपाउंडच्या उंचीचा ढीग झाला होता आणि त्यात नुसत्या फांद्या असत्या तर ठीक, पण नागपूरचं घर म्हटलं की उन्हाळ्याचं सगळं सामान त्याच ढिगात जातं, म्हणजे कूलरचं दरवर्षी बदललेलं जुनं गवत, फाटलेली हिरवी नेट, नेट बांधलेले बांबू, नायलॉनची दोरी, नर्सरीच्या काळ्या पिशव्या. ती हिरवी नेट तर वाईटच चीज आहे, उन्हानं तिचे धागे होतात आणि ते धागे प्रत्येक काटकीला असे गुंडाळून बसतात की एक फांदी ओढली की अख्खा ढीग हलतो.

यांच्या आधी एकाला बोलावलं होतं, मोबाइलवर जाहिरात पाहून. आला, गेटमधूनच पाहिलं, आत पण नाही आला, म्हणे अठराशे रुपये खेप. किती खेपा? "ते भरल्यावर कळेल." तोडणार कोण? "तोडायचं वेगळं, आम्ही फक्त उचलतो." टाकणार कुठे? तर हात करून दाखवलं, आमच्याच गल्लीच्या टोकाला खाली प्लॉट आहे तिथे. म्हणजे माझ्या मागच्या कंपाउंडचा कचरा माझ्याच पुढच्या चौकात आणायचे मी अठराशे रुपये द्यायचे! त्या प्लॉटच्या बाजूनं नाली जाते आणि पाऊस आला की जे काय तिथे टाकलेलं असतं ते सरळ नालीत. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, एका रात्रीत अर्ध्या शहरात पाणी शिरलं, आमच्या नात्यातल्या लोकांचे फ्रिज-सोफे पाण्यात गेले, तेव्हापासून नालीकाठी कोणी फांद्या टाकताना दिसला की माझं डोकंच फिरतं. त्याला चहा पण नाही विचारला.

मग हे भाऊ आले. आल्या आल्या रेट नाही सांगितला, ढिगाभोवती चक्कर मारली, एक फांदी उपसून वाकवून पाहिली, मोडते की वाकते ते, मग म्हणाले, "ताई, याच्यात अर्धी हवा हाये. जसंच्या तसं भरलं त तीन-चार खेपा लागन. तोडून भरलं त एक, लय झालं त दीड." आणि मग रेट, साडेतीन हजार, तिघांची मजुरी, मशीन आणि पहिली खेप धरून, दुसरी लागली तर नऊशे. माझ्या नवऱ्याला ते अठराशेसमोर महाग वाटलं, तो म्हणे पहिल्याला घासाघीस करून पंधराशेत आणू. अहो पण त्याचे पंधराशे गुणिले चार करा की, आणि वर तोडायचा माणूस वेगळा! या धंद्यात रेट गाडीचा असतो आणि गाडीत फांदी जाते की हवा जाते हे भरणाऱ्यावर असतं. बेचकीवाली एक फांदी आडवी पडली की तिच्याखाली माणूस बसेल एवढी जागा रिकामी राहते आणि तिचेही पैसे तुम्हीच देता. म्हणून कोणालाही बोलावलं तरी पहिले हे विचारा की तोडून भरणार का तसंच.

काम मेच्या शेवटी, नवतपा चालू, त्यामुळे ते सकाळी साडेसहालाच हजर आणि अकरा वाजले की बंद, एकाच दिवसात झालं नाही याचं मला काही वाटलं नाही, त्या उन्हात कोणी दुपारी चेनसॉ चालवावा असं मला पण वाटत नाही.

सगळ्यात आवडलं ते सुरुवातीचं. मला वाटलं आले की घुसतील, तर नाही. पुतण्यानं एक लांब बांबू घेतला आणि ढिगाच्या घराकडच्या बाजूनं ठोकायला लागला, कंपाउंडकडची बाजू मोकळी ठेवली, आणि थांबला. परत ठोकलं, परत थांबला. भाऊ म्हणे आत जे काय असन त्याले निघायले रस्ता द्या लागते. निघालं काय तर एक मुंगूस, तीनचार बेडूक, आणि खालच्या थरात विंचू, आणि धामणीची अख्खी कात, डोक्यापासून शेपटीपर्यंत, कूलरच्या गवतात गुंतलेली. धामण बिनविषारी हे मला माहीत आहे, पण जिथे धामण आहे तिथे उंदीर आहे, आणि उंदीर आहे तिथे उद्या नागही येईल, आणि घोणस तर पालापाचोळ्यात पडली असली तर दिसत पण नाही. आमची पोरगी त्याच टाकीमागे लपाछपी खेळायची. ज्यांच्या घरी असा ढीग आहे त्यांनी हातानं धरून एक पण फांदी ओढू नका, अगोदर ठोका, गमबूट घाला, सर्पमित्राचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

इथेच एक मायनस पण आहे. पुतण्याच्या पायात बूट होते पण ताईंच्या पायात स्लिपर, साध्या. आणि चेनसॉ चालवताना भाऊंच्या डोळ्याला काहीच नाही, भुसा उडून राहिला आणि ते डोळे बारीक करून करून कापून राहिले. मी घरातला गॉगल दिला, नवऱ्याचे जुने बूट ताईंना दिले, मोठे होत होते पण त्यांनी दोऱ्या आवळून घातले. साडेतीन हजार घेता तर चष्मा आणि बूट तुमचे असले पाहिजेत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, हो हो म्हणाले, घेतील का नाही माहीत नाही.

आता भरायची पद्धत. ताईंनी विळा घेऊन बसल्या बसल्या चार वाटे केले. पालापाचोळा एकीकडे, बोटाएवढ्या काटक्या एकीकडे, मनगटापेक्षा जाड ते वेगळं, आणि नेट-पिशव्या-दोऱ्या वेगळ्या. नेटचे धागे सोडवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते त्यांनी खरंच सोडवले, एकेक काटकी हातात घेऊन, मी दोनदा म्हटलं राहू द्या हो ताई, तर म्हणे, "प्लॅस्टिक राह्यलं त जळतन (सरपण) म्हणून कोणी घेत नाही, वास येते." भाऊ आणि पुतण्या प्रत्येक फांदीची बेचकी पहिले कापत होते, मग जे सरळ उरतं ते हातभर लांबीचं, मग सुतळीनं मोळ्या, एक मोळी बुडख्याकडून तर दुसरी शेंड्याकडून, म्हणजे जाड टोकावर बारीक टोक येतं आणि मध्ये फट राहत नाही. जाड खांडं गाडीत तळाला, मोळ्या वर, पाला चुंगड्यांमध्ये (पोत्यांमध्ये) दाबून सगळ्यात वर, दोन दोर. कंपाउंडएवढा ढीग छोट्या हत्तीच्या फळक्याच्या थोडा वर आला फक्त. दुसरी खेप लागली पण अर्धीच, बोगनवेल उरली होती म्हणून. बोगनवेलीनं सगळ्यांना रडवलं, ती दाबली की परत उसळते आणि काटा हातमोज्यातून आत जातो. पुढच्या वेळी ती दोन महिने आधी छाटून उन्हात टाका म्हणाले, वाळली की पायानं मोडते.

कन्हेर त्यांनी वेगळी ठेवली हे मला फार पटलं. जळतन म्हणून जे नेत होते त्यात एक पण कन्हेरीची काडी जाऊ दिली नाही, कारण कन्हेर सगळी विषारी, पान-फूल-काडी तर आहेच पण धूर पण. कित्येक लोकांना हे माहीत नसतं, हिवाळ्यात शेकोटीत सर्रास टाकतात, आमच्याच लेआउटमध्ये चौकीदार टाकताना पाहिलाय मी.

जाळायचं म्हणाल तर एक शेजारी काका येऊन सांगून गेलेच, "काहून पैसे घालवून राहिले, काडी लावा न, एका रात्रीत साफ." काकांना काय बोलणार, वयानं मोठे आहेत. पण उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, हरित लवादानं २०१६ मध्येच साधं जाळलं तर पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर पंचवीस हजार दंड सांगितलेला आहे, आणि दंड बाजूला ठेवला तरी वर आंब्याचं झाड, वरून केबल गेलेली, कूलरचं गवत तर पेट्रोलसारखं पेटतं, आणि आत नेट. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला आग लागते तेव्हा आपण सगळे नाक दाबून महापालिकेच्या नावानं ओरडतो ना, मग तेच घरी कशाला. २०१६ च्या घनकचरा नियमात पण हेच सांगितलं होतं की बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तसा द्यायचा. तर महापालिकेच्या झोन ऑफिसला एकदा विचारून पहा, काही ठिकाणी उचलतात, आपलं काम फुकटात झालं तर कोणाला नको आहे.

मग गेलं कुठे सगळं? हा प्रश्न मी त्यांना पैसे ठरवायच्या आधीच विचारला होता आणि त्यांचं उत्तर सरळ होतं. जाड लाकूड, म्हणजे आंबा, सुबाभूळ, निंबाचं, ते एका भट्टीवाल्याला, त्याचे पैसे त्यांना मिळतात आणि ते लपवलं नाही, "त्याच्यामुळंच तुमाले साडेतीन सांगितले, नाहीतर चार घेतो." काटक्यांच्या मोळ्या ताईंच्या वस्तीत चुलीला. कन्हेर, बोगनवेल आणि नेट-प्लॅस्टिक झोनच्या माणसानं सांगितलं तिथे, आणि खाली केलेल्या गाडीचा फोटो पुतण्यानं मी न मागता व्हॉट्सॲपवर पाठवला. मी काही मागे गाडी घेऊन गेले नाही बघायला, पण फोटोत जागा तरी आमच्या गल्लीतली नव्हती! तसं आपल्या नागपुरात शेतातल्या कचऱ्यापासून मोक्षकाष्ठ करून दहनघाटावर लाकडाच्या ऐवजी वापरतातच, तर काडीकचऱ्याला किंमत नाही असं काही नाही, सुकलेला आणि प्लॅस्टिक नसलेला असला म्हणजे झालं.

पाला मात्र मी जाऊ दिला नाही सगळा. चार चुंगड्या ठेवून घेतल्या. भाऊंनी जुन्या जाळीचं एक गोल कडं करून दिलं, तीनेक फूट रुंदीचं, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. आता कंपोस्टवाले लोक इंटरनेटवर असं बोलतात की जणू पाला टाकला आणि महिन्याभरात सोनं झालं. नागपूरच्या उन्हात नुसता वाळका पाला महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहतो, तो सडतच नाही, वाळतो फक्त. त्याला ओलं काहीतरी पाहिजे, शेणाचं पाणी, आंबट ताक, भाजीचे देठ, ताजं गवत, आणि मुख्य म्हणजे पाणी, उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मी रोज त्यावर ओतते. वरून गोणपाट. आंब्याची पानं जाड असतात, ती पायानं चुरून टाकली तर लवकर होतात. आणि ज्याला एवढं करायचं नाही त्यानं कुंड्यांमध्ये मातीवर दोन बोटं पाला पसरावा, पाणी कमी लागतं, बस झालं. गाजर गवत असलं तर फुलं यायच्या आधीच उपटायचं, फुलं आलेलं खतात टाकलं तर पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्यांत तेच.

एक गोष्ट यांच्या बाजूनं अजून. माझ्या नवऱ्यानं जाता जाता विचारलं की हा कडुनिंब पण काढून टाका न, पानं पडतात रोज. भाऊ सरळ नाही म्हणाले. परवानगीचा कागद दाखवा मग हात लावतो. शहरातलं झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, आपल्या प्लॉटमधलं असलं तरी, आणि मोठी छाटणी करायची असली तरी उद्यान विभागात आधी विचारून घेतलेलं बरं. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस मला तरी आवडला. (कडुनिंब राहिला. मेमध्ये त्याच्याचखाली नवरा गाडी लावतो, आणि पानं पडतात म्हणे.)

आता तक्रारी. साफसफाई झाली नाही नीट, मोठं सगळं उचललं पण भुसा, बारीक पाला तसाच, झाडू मारायला मलाच लागला, आणि थोडा पोर्चच्या नालीत गेला तो मी हातानं काढला. विचारलं तर म्हणे झाडणं बोललं नव्हतं. खरंय, नव्हतं बोललं, पण हे बोलायला लागतं का? तर बोला. दुसरं, दोर ओढताना एक कुंडी फुटली, शेवंतीची, त्याचे शंभर मी कापले, भाऊ काही बोलले नाहीत पण पुतण्याचं तोंड उतरलं. तिसरं, मशीनचं पेट्रोल मध्येच संपलं आणि पुतण्या बाटली घेऊन गेला तो पाऊण तास आलाच नाही, पंपावर बाटलीत देत नाही म्हणून फिरत होता म्हणे. आणि फोन उचलत नाहीत, मेसेज पाहतात पण उत्तर संध्याकाळी. पैसे रोख पाहिजे, ऑनलाइन चालतं पण पुतण्याच्या नंबरवर, आणि मग भाऊ तीनदा विचारतात आले का रे.

चहा दोनदा, एकदा तर्री पोहे सांगितले चौकातून, ते माझ्या खुशीनं, त्यांनी मागितलं नाही. थंड पाणी मात्र भरपूर ठेवा, माठच काढून बाहेर ठेवा सरळ.

पाचपैकी चार. एक कापला तो चष्मा-बूट आणि झाडूसाठी. ज्यांच्याकडे दोनचार फांद्या आहेत त्यांना हे परवडणार नाही, तेवढ्यासाठी ते येतही नाहीत, लेआउटमधल्या तीनचार घरांनी मिळून बोलावलं तर येतात आणि रेट वाटून पडतो, आमच्या समोरच्यांनी आता तसंच ठरवलंय. होळीच्या आधी पोरांना देऊन टाकू असा विचार असेल तर पोरं सरळ वाळकी लाकडं नेतात, बोगनवेल तुमच्याकडेच ठेवतात. बोलवायचंच तर मृगाच्या आधी बोलवा, एकदा पाऊस लागला की ढीग भिजतो, वजन वाढतं, पाला चिकटतो, रेटही वाढतो आणि आत कोण राहायला येतं ते सांगितलंच वर.

सुबाभळीचं खोड तेवढं राहिलं आहे. ते नुसतं कापून उपयोग नाही, पाऊस आला की परत फुटतं, मुळासकट काढायला लागतं, आणि आता जमीन दगडासारखी आहे म्हणून सब्बल (पहार) आत जात नाही. परवानगीचा अर्ज मी टाकून ठेवला आहे, दोन चांगले पाऊस झाले की येतो म्हणालेत, खोदायचे सातशे वेगळे. या वेळी झाडू धरून सातशे, असं मी मेसेजमध्ये लिहून घेतलं आहे, निळी टिक आली आहे, उत्तर यायचं आहे.